दाढी नसलेला राजा

वाचकाचं पत्र

सादर नमस्कार. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, मी नोकरीमुळे पुण्यात. गेल्या दिवाळीत जुनं घर उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत एक तांबूस मेडल सापडलं. एका बाजूला पंखवाली बाई, मागे इंग्रजी अक्षरं आणि १९१४-१९१९ हे आकडे. कडेवर पणजोबांचं नाव आहे, पण ‘पवार’चं ‘पोवार’ झालंय. पुढे ११७ आणि मराठा असं काहीतरी. महायुद्ध १९१८ ला संपलं, मग १९१९ कसं? चुलतभाऊ म्हणतो, हे डुप्लिकेट असणार. आत्या ८४ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, “आजोबा बसऱ्याला गेले होते. चांदीचा एक बिल्ला पण होता, तो बाहत्तरच्या दुष्काळात मोडला.”

तेव्हापासून मला मेडल जमवायचा नाद लागला. दोन महिन्यांपूर्वी ओळखीच्या ओळखीतून एका विक्रेत्याकडून इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल हे शौर्यपदक घेतलं. १९१६ सालचं, १०३ मराठा पलटणीतल्या एका नाईकाचं, सोबत १९१७ चं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. ४२,००० रुपये दिले. त्या नाईकाचं नाव जुन्या सरकारी यादीत मी स्वतः पाहिलं, म्हणूनच घेतलं. आता तोच विक्रेता कोरेगावच्या लढाईचं मेडल दीड लाखाला देतो म्हणतो. त्यावर १८१८ स्पष्ट लिहिलंय. समोरून काढलेला एकच फोटो दिलाय, आणि आठ दिवसांत सांगा म्हणतो. पणजोबांच्या मेडलला परदेशात गिऱ्हाईक आहे, असंही तो म्हणाला.

सगळी मेडल घासून चकचकीत करून आणि कागद लॅमिनेट करून बैठकीत लावायचा विचार आहे. सगळे फोटो सोबत जोडलेत. मार्गदर्शन करावं.

— एक वाचक

उत्तर

नमस्कार,

पत्र वाचलं, फोटो भिंगाखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिले. सविस्तर लिहितोच, पण तीन गोष्टी आजच्या आज थांबवा. कोरेगावच्या मेडलसाठी त्या विक्रेत्याला एक रुपयाही देऊ नका. कुठलंही मेडल घासू नका. आणि तो कागद लॅमिनेशनवाल्याकडे नेऊ नका. दोनशे वर्षं जुनं म्हणून जी वस्तू विकायला आणलीय, तिला आठ दिवसांची घाई कसली?

पणजोबांच्या मेडलपासून सुरुवात करतो, कारण तिथे बातमी चांगली आहे.

ते व्हिक्टरी मेडल आहे. फोटोवरून कुणीच शंभर टक्के खात्री देऊ नये, पण जेवढं दिसतंय त्यात मला काहीही खटकत नाही. पंख पसरलेली विजयदेवता, वर ओवलेली गोल कडी, मागे ‘द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन’ आणि खाली १९१४-१९१९. हे १९१९ बरोबरच आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, पण व्हर्सायचा तह जून १९१९ मध्ये झाला, आणि व्हिक्टरी मेडलवर तेच साल घेतलं गेलं. याच युद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलवर मात्र १९१४-१९१८ आहे. दोन मेडलवर दोन वेगळी सालं बघून बरेच जण गोंधळतात, चुलतभावाला दोष देऊ नका.

आता ‘पोवार’. पलटणीचा कारकून भरतीच्या वेळी कानावर पडेल तसं नाव इंग्रजीत लिहून घ्यायचा, आणि तेच पुढे प्रत्येक कागदावर आणि शेवटी मेडलच्या कडेवर उतरायचं. पवारांचे पोवार झाले, शिंद्यांचे सिंदे झाले. कोल्हापूरकडे तर आजही कितीतरी घरं पोवार असंच लिहितात. स्पेलिंग चुकलं म्हणून मेडल खोटं ठरत नाही. उलट नकली नाव ठोकणारा माणूस आजचं रुळलेलं स्पेलिंग वापरतो, कारण त्याला आजच्या गिऱ्हाइकाला पटवायचं असतं. तुमच्या फोटोत अक्षरं एका ओळीत, सारख्या खोलीची, कडेत नीट दाबून बसलेली दिसतात. नावाच्या आधीचा नंबरही जपून टिपून ठेवा, पण एकटा नाही. १९२२ पूर्वी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे असायचे, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाला असू शकतो. नंबर आणि ११७ मराठा हे जोडीनंच लिहायचं.

आणि आत्यांचं म्हणणं. ते वाचून मला फार बरं वाटलं. व्हिक्टरी मेडल एकटं कुणालाच दिलं गेलं नाही. ते ज्याला मिळालं त्याला ब्रिटिश वॉर मेडलही मिळालंच. आणि ते मेडल लढाऊ शिपायांना चांदीचं मिळायचं, जवळजवळ एक औंस चांदी. नुसतं वॉर मेडल मिळालेली माणसं होती, पण नुसतं व्हिक्टरी मिळालेला माणूस नियमात बसतच नाही. म्हणजे तुमच्या ट्रंकेतल्या एका मेडलवरूनच सांगता येतं की घरात चांदीचं आणखी एक होतं, आणि शंभर वर्षं उलटल्यावर आत्या, कुठलंही पुस्तक न वाचता, नेमकं तेच सांगतायत. बाहत्तर साली घरात दाणा नसताना चांदी मोडावी लागली, तशी पुढे १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा जगभर ही मेडल वितळवली गेली. पोरांच्या पोटासाठी मोडलेल्या बिल्ल्याबद्दल घरात कुणीही खंत करू नये.

त्या दोन मेडलखेरीज तिसरंही असू शकेल. ११७ मराठा ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. बसऱ्यावरून वर सरकत गेलेली ही फौज पुढे कुत या गावात अडकली. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरणागती झाली, सुमारे १३,००० माणसं कैद झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. पणजोबा कुतमध्ये होते की मागाहून गेलेल्या तुकडीत, हे या मेडलवरून कळत नाही. पण १९१५ संपायच्या आत ते तिथे पोचले असतील, तर त्यांना १९१४-१५ चा ब्राँझचा तारा मिळायला हवा. त्या ताऱ्यावर नाव कडेवर नसतं, मागच्या सपाट बाजूला ठोकलेलं असतं. ट्रंक पुन्हा एकदा रिकामी करून, तळाचा कागद उचलून बघा.

आता ४२,००० रुपयांचं मेडल. इथे बातमी वाईट आहे, आणि आडपडदा न ठेवता सांगतो.

तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो मोठा करून राजाचा चेहरा बघा. हनुवटी स्वच्छ, गाल तुळतुळीत. १९१६ साली गादीवर पंचम जॉर्ज होता, आणि त्याला भरघोस दाढी होती. त्या काळच्या डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलवर तोच दाढीवाला राजा असतो आणि त्याच्या नावापुढे ‘कैसर-इ-हिंद’ ही अक्षरं. तुमच्या मेडलवरचा राजा सहावा जॉर्ज आहे. तो डिसेंबर १९३६ मध्ये गादीवर आला. १९१६ च्या मेडलवर वीस वर्षांनी राजा होणारा माणूस कसा असेल? त्यात कडेवर १०३ मराठा. तो आकडा १९२२ च्या पुनर्रचनेत गेला, त्या पलटणीची पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. म्हणजे तोंडावर १९३६ नंतरचा राजा आणि कडेवर १९२२ पूर्वीची पलटण. हरवलेल्या मेडलच्या बदली पुढे नवं दिलं गेलं असेल, अशी एक पळवाट विक्रेता काढेल. पण तुम्हाला ते १९१६ चं मूळ मेडल म्हणून विकलंय, बदली म्हणून नाही.

सर्टिफिकेटची गोष्ट याहून सोपी. त्यावर तारीख १९१७ ची आणि पलटणीचं नाव ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’. हे नाव १९२२ मध्ये जन्माला आलं. कागद छापणाऱ्यानं आजच्या माहितीवरून नाव उचललं आणि तारीख मागे टाकली. एवढ्यावरच तो कागद बाद होतो. तरी सवय म्हणून आणखी दोन गोष्टी घरी बघा. फ्रेममधून कागद काढा आणि दहापट भिंगानं अक्षरांच्या कडा तपासा. जुन्या छपाईत शाईची कड एकसंध असते. आजच्या प्रिंटरची असेल तर काळ्या अक्षराभोवती निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसतील. मग खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्यावर मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदांत शुभ्रपणासाठी जी रसायनं घालू लागले, ती या प्रकाशात निळसर पांढरी चमकतात. १९१७ चा कागद मंद, मातकट दिसतो. फोटोत त्या कागदाचा पिवळेपणा पुढून-मागून अगदी सारखा आहे आणि कडेला जरा जास्त साचलाय. खऱ्या जुन्या कागदाला फ्रेमखाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांत फरक पडतो, घड्यांवर तडे जातात, टाचणीच्या जागी गंजाचा डाग असतो. चहाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर यातलं काही येत नाही.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते तुमच्या एका वाक्याबद्दल. ‘त्या नाईकाचं नाव यादीत स्वतः पाहिलं, म्हणूनच घेतलं.’ नवे संग्राहक सगळ्यात जास्त इथेच फसतात. नाव खरं आहे, तो नाईक खरा आहे, त्याला ते मेडल खरोखर मिळालं होतं. पण तुमच्या हातातलं मेडल तेच आहे, हे त्या यादीवरून मुळीच सिद्ध होत नाही. शौर्यपदकांच्या याद्या सरकारी राजपत्रात छापल्या जायच्या, आज त्या कुणालाही बघता येतात. जी यादी तुम्ही पाहिली, तीच नकली मेडल करणाऱ्यानंही पाहिली आणि त्यातूनच नाव निवडलं. उलट तुमच्या पणजोबांचं नाव तुम्हाला कुठल्याच राजपत्रात सापडणार नाही, कारण मोहिमेची मेडल सगळ्यांना दिली जायची, ती राजपत्रात छापत नसत. यादीत नाव आहे ते मेडल बनावट निघालं, आणि ज्याची यादीच नाही, ज्याचं स्पेलिंगही चुकलंय, ते खरं निघालं. माणूस खरा की खोटा हा एक तपास, आणि धातू खरा की खोटा हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे करायचे, आणि मग ते एकमेकांशी जुळतात का ते बघायचं.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी रविवारच्या बाजारात मला १९०८ चं इंडिया जनरल सर्व्हिस मेडल मिळालं. मागे जमरूदचा किल्ला आणि डोंगर, चांदी अस्सल, राजा बरोबर, वरची मोहिमेच्या नावाची पट्टी बरोबर, कडेवर मराठा पलटणीतल्या हवालदाराचं नाव. आनंदानं घरी आणलं. आमच्या ओळखीच्या सराफानं ते हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता व्हर्नियर कॅलिपर काढला. एका दिशेनं ३५.९ मिलिमीटर, जरा फिरवून ३५.४. मग त्यानं दिव्याखाली तिरकं धरून भिंग दिलं. हवालदाराच्या नावातल्या एका अक्षराच्या पायाशी दुसऱ्याच अक्षराची पुसट तंगडी शिल्लक होती. कुणीतरी मूळ नाव कानशीनं घासून काढलं होतं आणि त्यावर मराठा नाव ठोकलं होतं, कारण इकडे मराठा नावाला जास्त पैसे मिळतात. ज्या शिपायाचं ते होतं त्याचं नाव कायमचं गेलं, आणि ज्या हवालदाराचं नाव घातलं होतं त्याला ते कधी मिळालेलंच नव्हतं. ते मेडल अजून माझ्याकडे आहे. पुन्हा कुणाच्या हाती पडू नये म्हणून विकलेलं नाही.

म्हणून मेडल बघताना पहिल्यांदा कड बघा, तोंड नंतर. बहुतेक विक्रेते समोरचा देखणा फोटो देतात, कडेचा मागितला की टाळाटाळ करतात. कडेचे चार फोटो मेडल फिरवत, तिरक्या उजेडात मागायचे. नाव ज्या पद्धतीनं घातलंय ती त्या मेडलच्या काळाची आहे का, ते बघायचं. १८९५ च्या इंडिया मेडलवर हिंदुस्थानी पलटणींतल्या शिपायांची नावं बहुधा वळणदार लिपीत कोरलेली असतात, पहिल्या महायुद्धाच्या मेडलवर ठोकलेली मोठी अक्षरं असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची मेडल तर नावाशिवायच दिली गेली. तशा मेडलवर गोऱ्या सैनिकाचं नाव दिसलं, तर ते नंतर खाजगीत कोरलेलं. आपल्याकडच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या सैनिकांच्या मेडलवर मात्र नावं आढळतात.

धातूसाठी सराफाकडे जा, पण कसाच्या दगडावर घासू देऊ नका, कडेवर कायमचा ओरखडा राहतो. कॅरट मीटरचं मशीन बहुतेक पेढ्यांवर असतं, त्यात ओरखडा न पडता चांदी किती ते कळतं. ९२.५ टक्क्यांच्या जवळ यायला हवी. मशीन नसेल तर फीत काढून मेडल दोऱ्यानं पाण्यात टांगून वजन करायला सांगा. चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते, जर्मन सिल्व्हर या चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूची साडेआठच्या थोडी पुढे. ओतीव नकल आणखी एका गोष्टीत पकडली जाते. साच्यात ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे ३६ मिलिमीटरच्या मेडलची ओतीव नकल अर्धा मिलिमीटर तरी लहान भरते. शिवाय तिच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात आणि केसांच्या बटा, पानांच्या शिरा विरघळल्यासारख्या होतात. टाकसाळीत ठोकलेल्या मेडलवर त्या कडक असतात. फितीचा सुटा धागा लोंबत असेल तर तो जाळून बघा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, नायलॉनचा मणी होतो. नवी फीत असली म्हणून मेडल खोटं होत नाही, फिती लोक बदलतातच. पण ‘फितीसकट जशीच्या तशी शंभर वर्षं’ असं सांगितलं असेल, तर धागा खोटं बोलत नाही.

कागदांच्या बाबतीत सह्यांचा एक मोठा सापळा आहे, तो लक्षात ठेवा, कारण तुम्हाला लवकरच असं काही दाखवलं जाईल. पहिल्या महायुद्धात ज्यांचा सेनापतीच्या खलित्यात, म्हणजे लढाईच्या अहवालात, उल्लेख झाला, त्यांना मिळालेल्या प्रमाणपत्रावर १ मार्च १९१९ ही तारीख आणि युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांची सही असते. सही छापील आहे. हजारो प्रमाणपत्रांवर ती तीच आहे. कागद खरा असतो, मोलाचा असतो, पण ‘चर्चिलच्या हातची सही’ म्हणून दहापट पैसे मागणारा माणूस तुम्हाला फसवतोय. मृत सैनिकांच्या घरी राजाच्या सहीचं जे पत्र गेलं, त्याचंही तसंच. त्याच घरांना ब्राँझची सुमारे १२ सेंटिमीटरची थाळी मिळायची. तिच्यावर सैनिकाचं नाव उठावाच्या अक्षरांत, हुद्द्याशिवाय असतं. मेल्यावर सुभेदार आणि शिपाई सारखे, हा त्यामागचा विचार. नाव खोदलेलं किंवा हुद्द्यासकट दिसलं, तर ती थाळी नंतर कुणीतरी हाताळलेली आहे. आणि शाई. बॉलपेन बाजारात आला १९४५ च्या सुमारास. त्याआधीच्या तारखेखाली बॉलपेनची सही असली की पुढे काही बघायचं कारण उरत नाही.

आता कोरेगाव. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचं नाव असलेलं मेडल खरोखर आहे. पण ते १८१८ साली दिलं गेलं नाही. १८५१ मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी, आर्मी ऑफ इंडिया मेडल मंजूर झालं, आणि तोवर जे सैनिक हयात होते त्यांनाच ते मागता आलं. कोरेगावला लढलेला शिपाई तेव्हा पन्नाशी-साठीचा. त्यातले किती उरले असतील, कितीजणांपर्यंत बातमी पोचली असेल? म्हणूनच कोरेगावची पट्टी असलेलं मेडल जगातल्या दुर्मिळ मेडलमध्ये मोजतात, आणि खरं असतं तर दीड लाखाला ते कुणी दिलं नसतं. शिवाय त्या मेडलच्या मागे १७९९-१८२६ ही सालं आहेत. लढाईचं नाव वरच्या चांदीच्या पट्टीवर असतं. पुढच्या बाजूला राणी व्हिक्टोरिया असते, १८१८ असा आकडा तिथे कुठे नसतो. तुमच्या फोटोत तो ठळक कोरलाय. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांबद्दल आपल्याकडे लाखो लोकांच्या मनात जी भावना आहे, तिच्यावर हा धंदा चाललाय. मला याचा मनापासून राग येतो.

त्याच्याशी फोनवर भांडू नका. मेसेज, पैसे पाठवल्याची नोंद, ‘१९१६ चं मूळ मेडल’ असं त्यानं जिथे लिहिलंय ते सगळं जपून ठेवा. मग लेखी कळवा की राजा आणि पलटण यांचा काळ जुळत नाही, सर्टिफिकेटवरचं नाव तारखेच्या नंतरचं आहे, मेडल परत घ्या आणि रक्कम द्या. कदाचित तोही कुणाकडून फसला असेल, त्याला पंधरा दिवस द्या. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार करा. आणि पैसे मिळाले नाहीत तर ते मेडल दुसऱ्या कुणाला ‘खरं’ म्हणून विकू नका, ही माझी हात जोडून विनंती.

परदेशी गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे कागद येतात. अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कुणी ‘कुरिअरनं गुपचूप पाठवू’ म्हणालं, तर तिथेच थांबवा. तसंही पणजोबांचं ते मेडल बाजारात फार मोठ्या किमतीचं नाही. घराबाहेर गेलं तर ते कुणाचं होतं हे सांगणारं मात्र कुणी उरणार नाही.

घासण्याबद्दल एवढंच. चिंच, राख, पितळ घासायची पावडर, काहीही लावू नका. शंभर वर्षांचा तो तांबूस-काळसर थर हाच त्याचा वयाचा दाखला असतो, आणि घासताना सगळ्यात आधी झिजतं ते कडेवरचं नाव. कोरड्या मऊ सुती कपड्यानं धूळ टिपा, कडेला धरा. वास येणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं वापरू नका, त्यातून निघणाऱ्या आम्लानं ब्राँझवर हिरवा थर चढतो. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. कागदांना सेलोटेप, डिंक, लॅमिनेशन यांपैकी काही नको. लॅमिनेशन एकदा झालं की सुटत नाही. बैठकीत लावायचाच असेल तर फोटोकॉपी लावा, मूळ कागद अंधारात सपाट ठेवा.

आणि पणजोबांचा शोध. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. त्यांना नंबर, नाव आणि ११७ मराठा अशी तिन्ही माहिती देऊन पत्र लिहा, ‘पवार’ आणि ‘पोवार’ दोन्ही स्पेलिंगं द्या. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर पलटणीच्या नावानं शोधा. साध्या शिपायांच्या नोंदी फार थोड्या सापडतात, हे मनाशी धरूनच बसा. गावच्या चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा. ‘या गावातून इतके जण महायुद्धाला गेले’ अशा पाट्या सातारा-रत्नागिरीकडे बऱ्याच ठिकाणी आहेत. त्यावर बहुधा नावं नसतात, आकडा असतो, पण त्या आकड्यात तुमचे पणजोबा आहेत.

हे सगळं सावकाश होईल. आत्यांचं मात्र या आठवड्यातच करा. मेडल त्यांच्या हातात द्या, मोबाइलवर आवाज टेपायला लावा आणि शेजारी बसा. ‘चांदणीसारखं मेडल होतं का?’ असं विचारू नका, म्हाताऱ्या माणसाला आपण सुचवलेलंच आठवायला लागतं. ‘आत्या, अजून काही होतं का? कसं दिसायचं ते?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. त्या ताऱ्याला चार टोकं आहेत आणि मधून दोन तलवारी आडव्या गेल्यात. आत्यांनी आपणहून तलवारींचं नाव काढलं, तर मला लगेच कळवा.